योग्य उमेदवार आढळला नाही

ऑक्टोबर २००६ मध्ये आमच्या कंपनीला एका टेस्ट ऑटोमेशन इंजिनिअरची निकड भासली. निकड भासल्याची टिपणी मीच लिहिली होती, म्हणून महिना खात्रीने सांगू शकतो. मी मोतीराम सोनजे, मूळचा देवळ्याचा. एका सरकारी खात्यात सव्वीस वर्षं काढून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि नाशिकच्या 'निर्दोष सॉफ्टवेअर सिस्टिम्स'मध्ये प्रशासन अधिकारी म्हणून रुजू झालो. न झालेली कामं झालेली दाखवण्याचा माझा अनुभव संगणकाच्या क्षेत्रात वाया जाईल, अशी मला धास्ती होती. ती दोन महिन्यांत गेली.

कंपनीचं मुख्य उत्पादन होतं 'हिमरक्षक'. शीतगृहातलं तापमान वाढलं की या प्रोग्रॅमने आपणहून फोन लावायचा आणि तिथल्या माणसाला सावध करायचं, एवढंच त्याचं काम. दिंडोरीच्या एका मोठ्या शीतगृहात तो बसवला होता. तिथली द्राक्षं परदेशी जात. त्या परदेशी खरेदीदाराने आता एक अट घातली होती. हिमरक्षकची रोज स्वयंचलित चाचणी व्हावी आणि तिचा अहवाल दर सोमवारी मिळावा.

आमचे संचालक बाळाजी गर्गे यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"सोनजे, प्रोग्रॅम तपासायला माणूस बसवायचा नाही. दुसरा प्रोग्रॅम बसवायचा. तो न थकता तपासत राहतो. याला टेस्ट ऑटोमेशन म्हणतात."

"आणि तो दुसरा प्रोग्रॅम नीट तपासतो की नाही, ते कोण बघणार?"

"त्यासाठीच तर कुशल माणूस हवा," सर म्हणाले, आणि असा प्रश्न पुन्हा विचारू नये अशा बेताने त्यांनी चष्मा काढून पुसला.

जाहिरात मी तयार केली. चुका शोधण्याच्या या पदासाठी 'सकारात्मक दृष्टिकोन अत्यावश्यक' ही अट मात्र सरांनी स्वतःच्या हाताने घातली.

एक्केचाळीस उमेदवार आले. लेखी परीक्षेत 'चाचणी म्हणजे काय' या प्रश्नाला चौतीस जणांनी शब्दशः एकच उत्तर लिहिलं, आणि त्याच्या तिसऱ्या ओळीतली स्पेलिंगची चूकही चौतिसांनी एकसारखी केली. सगळ्यांनी एकाच क्लासच्या नोट्स पाठ केल्या होत्या. निवड मंडळात सर, मी आणि चाचणीचं साधन आम्हाला विकणाऱ्या कंपनीचे प्रतिनिधी, असे तिघे होतो. प्रतिनिधी म्हणाले की ही चूक आता उद्योगात रूढ झाली आहे. त्यामुळे ती न करणाऱ्या सात जणांना वगळण्यात आलं.

बेचाळिसावा अर्ज कंपनीतलाच होता, म्हणून त्याला लेखी परीक्षा माफ होती. पल्लवी भोये दोन वर्षं आमच्याकडे प्रोग्रॅम हाताने तपासण्याचं काम करत होती. पेठ तालुक्यातल्या डोंगरातली, कोकणा आदिवासी घरातली मुलगी. तिची आई फुलाबाई हंगामात दिंडोरीच्या द्राक्षबागांवर मजुरीला येई, आणि मुलगी आश्रमशाळेतून निघून बी.एस्सी.पर्यंत पोचली होती. तिच्यात दोष एकच होता. हातात दिलेली कोणतीही वस्तू ती खरोखर वापरून बघे.

"तुमचं कौशल्य दाखवा," सर म्हणाले.

"सर, या पदाचा अर्ज संगणकावर भरायचा होता. त्यात जन्मतारीख तीस फेब्रुवारी टाकली तरी तो घेतो. नावाची जागा कोरी ठेवली तरी घेतो. मी तसे सहा अर्ज भरून पाहिले. त्यातल्या चौघांना मुलाखतीचं पत्र आलंय."

सकाळपासून गैरहजर असलेल्या चार उमेदवारांचा खुलासा मला तेव्हा झाला. अर्जाचा तो प्रोग्रॅम सरांनी स्वतः लिहिला होता. त्यांनी तिच्या कागदावर शेरा मारला, 'दृष्टिकोन नकारात्मक.' प्रतिनिधींनी खाली सही केली. त्यांच्याखाली मी केली.

तिच्यानंतर धवल नावाचा तरुण आत आला. त्याच्याकडे तीन प्रमाणपत्रं होती आणि ती प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली होती.

"तुम्ही नेमकं काय करता?" मी विचारलं.

"फ्रेमवर्क बनवतो."

"कशाचं?"

"कशाचंही," तो म्हणाला. त्याची निवड एकमताने झाली.

धवलने तीन आठवड्यांत तीनशे बारा चाचण्या तयार केल्या. बटण दाबलं की पडद्यावर भराभर हिरव्या ओळी उमटत आणि शेवटी येई, 'तीनशे बारापैकी तीनशे बारा पास'. सर पाहुण्यांना मुद्दाम ते दाखवायला आणत. परदेशी खरेदीदाराला पहिला अहवाल गेला आणि त्याचं आभाराचं पत्र आलं.

पल्लवीने दुसऱ्याच आठवड्यात चाचणीच्या संगणकाची टेलिफोनची वायर काढली आणि धवलच्या चाचण्या चालवल्या. तीनशे बारा पास. मग तिने तापमानाची तार काढली. पास. शेवटी तिने त्या संगणकावरून हिमरक्षक हा प्रोग्रॅमच पुसून टाकला आणि बटण दाबलं. तीनशे बारापैकी तीनशे बारा पास.

ती सरांकडे गेली. धवललाही बोलावण्यात आलं. मी नोंद घ्यायला होतो.

"सर, हे काहीच तपासत नाही," पल्लवी म्हणाली. "प्रत्येक चाचणी सुरू होते आणि शेवटच्या ओळीत 'पास' छापते. मधे प्रश्नच नाही. प्रोग्रॅम नसला तरी पास होतोय."

सरांनी धवलकडे पाहिलं. धवल जराही डगमगला नाही.

"म्हणजे माझ्या चाचण्या प्रोग्रॅमवर अवलंबून नाहीत. याला स्वतंत्र चाचणी म्हणतात. मोठ्या कंपन्यांना हेच जमत नाही."

"हे आपल्याला माहितीपत्रकात घालता येईल का?" सर म्हणाले.

ते घातलं गेलं. पल्लवीला मेमो मिळाला, 'कंपनीचे उत्पादन कंपनीच्या संगणकावरून परस्पर नष्ट केल्याबद्दल'. मसुदा माझाच होता. मेमो वाचून तिने एवढंच विचारलं, "काका, मला एक चाचणी लिहायची परवानगी मिळेल? एकच." एका चाचणीने आकडा तीनशे तेरा होणार होता आणि आकडा वाढणं सरांना आवडत असे. परवानगी मिळाली.

ती एक चाचणी लिहायला तिला सोळा दिवस लागले. धवलचा वेग पाहता ही बाब गंभीर होती. आधी ती आईला भेटायला बागेवर गेली, तिथून शीतगृहावर जाऊन दिवसभर बसून आली. परतल्यावर तिने मला सांगितलं, "तिथे रोज लाइट जाते. लाइट परत आली तरी थंडी करणारं मशीन कधीकधी आपोआप सुरू होत नाही, मग ते हाताने सुरू करावं लागतं. खरी भीती त्याच वेळी असते. आणि आपला प्रोग्रॅम तर इथे बॅटरीवर चालवून तपासलेला, त्याला लाइट जाणं माहीतच नाही." मग बाजारातून तिने वीज तोडणारी-जोडणारी एक छोटी डबी आणली आणि ती संगणकाला जोडली. तिचा प्रोग्रॅम स्वतःच वीज तोडे, जोडे, तापमान वाढल्याची खोटी खबर हिमरक्षकला देई आणि टेबलावरचा फोन वाजण्याची वाट बघे.

ही चाचणी पाहायला सगळी कंपनी मीटिंगच्या खोलीत जमली. मधोमध टेबलावर लाल रंगाचा टेलिफोन ठेवला होता. वीज गेली, आली. पडद्यावर तापमान चढू लागलं, चार, सहा, नऊ. आम्ही सगळे त्या फोनकडे बघत होतो. दहा मिनिटं झाली. एकाने उचलून कानाला लावला, डायलटोन येत होता, त्याने परत ठेवला. पंधराव्या मिनिटाला पडद्यावर एक लाल ओळ उमटली. 'नापास. अपेक्षा: फोन वाजावा. प्रत्यक्षात: फोन वाजला नाही.'

आमच्या कंपनीत लाल रंग प्रथमच दिसत होता.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी लेखी कळवलं की वीज गेल्यास तो विजेचा दोष आहे. धवलने कळवलं की एकूण निकाल ९९.६८ टक्के असून तो विशेष प्रावीण्यात मोडतो. पण परदेशी खरेदीदाराला शंभरच लागत. म्हणून सरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. प्रोग्रॅम दुरुस्त करायला दोन महिने लागणार होते आणि सोमवार तीन दिवसांवर आला होता.

"मुळात अडचण काय आहे?" सर म्हणाले. "अपेक्षा एक आहे आणि प्रत्यक्ष दुसरं आहे. दोन्ही जुळली की चाचणी पास. प्रत्यक्ष बदलायला वेळ लागतो. अपेक्षा आपल्या हातात आहे."

समितीने ठराव केला आणि धवलने एक ओळ बदलली. नवी अपेक्षा अशी होती, 'फोन वाजू नये'. चाचणी पुन्हा चालवली. फोन वाजला नाही. पडद्यावर हिरवी ओळ उमटली आणि खोलीत टाळ्या पडल्या.

अहवालावर चाचणी लिहिणाऱ्याची सही लागत होती. पल्लवी नाही म्हणाली. तिने वादही घातला नाही, पेन माझ्याकडे परत सरकवलं. मग मी तिच्या नावापुढे 'करिता' लिहून सही केली. करिता सही करण्यात मी सरकारी खात्यात नावाजलेला होतो. त्या दिवशी मात्र सही थोडी तिरकी आली, हे खरं.

दुसऱ्या आठवड्यात ग्राहकाचं समाधानपत्र आणायला मी दिंडोरीला निघालो, तर ती म्हणाली, "मी येते." शीतगृहावर भिमाजी नावाचा माणूस होता. पन्नाशीचा, कानटोपी घातलेला. थंडी करणारी मशीन्स, पंखे, दरवाजे, सगळं तो एकटा बघे. त्याने चहा मागवला. मी समाधानपत्र पुढे केलं, त्याच वेळी पल्लवी म्हणाली, "भिमाजीदादा, लाइट जाऊन आली की हा संगणक फोन करत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका."

भिमाजीने माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

"मंग ह्यो बशिवलाय कशाला?"

"अहवालासाठी."

त्याने कप खाली ठेवला. "बरं झालं सांगितलं ताई. मी बघत जाईन ना दर तासाला काटा. त्यात काय लय मोठं काम नाय."

त्या हंगामात रोज वीज गेली. भिमाजी दर तासाला आत जाऊन काटा बघे आणि शाळेच्या वहीत आकडा लिही. अकरा वेळा मशीन बंद राहिलेलं त्याला सापडलं आणि अकराही वेळा त्याने हाताने सुरू केलं. द्राक्षं परदेशात हिरव्या देठासकट पोचली. खरेदीदाराने कौतुकाचं पत्र पाठवलं. आम्ही ते मोठं करून स्वागतकक्षात लावलं. एका हॉटेलात समारंभ होऊन 'निर्दोष'ला गुणवत्तेचं सन्मानचिन्ह मिळालं. धवल बढती मिळून 'सॉफ्टवेअर आर्किटेक्ट' झाला. पल्लवीला माहितीपुस्तिकांचं शुद्धलेखन तपासायला बसवलं, कारण तिथे चुका काढायला मुभा होती.

आता शीतगृहाच्या मालकाचं डोकं चालू लागलं. तो व्यवहारी माणूस होता. नव्या हंगामाच्या तोंडावर, २००८च्या जानेवारीत, त्याने भिमाजीला समोर उभं केलं. हे मला पुढे भिमाजीनेच सांगितलं.

"गेल्या वर्षी एकदा तरी फोन वाजला का?"

"नाय वाजला."

"माल खराब झाला का?"

"नाय."

"म्हणजे मशीन कधी बंदच पडलं नाही. मग तू वर्षभर काय करत होतास?"

भिमाजीने वही पुढे केली. मालकाने ती उघडली नाही. संगणक असताना वहीत लिहिणाऱ्या माणसाबद्दल त्याची काय समजूत झाली असेल, ते मी समजू शकतो. भिमाजीला त्या महिन्यात काढलं.

मार्चमधल्या एका रविवारी दिंडोरीत दुपारी बाराला वीज गेली आणि चारला आली. मशीन सुरू झालं नाही, आणि रविवार असल्यामुळे ते बघायला तिथे कोणी नव्हतं. मालक नाशिकला लग्नात होता. फोन त्याच्या खिशात होता, पूर्ण चार्ज केलेला. तो वाजला नाही. सोमवारी सकाळी दरवाजे उघडले तेव्हा आतली हवा बाहेरच्यासारखी झाली होती. अठरा बागायतदारांची द्राक्षं आत होती.

कंपनीला कळायच्या आधी पल्लवीला कळलं. पेट्या उघडून माल बाहेर टाकायला ज्या बायांना बोलावलं, त्यांत फुलाबाई होती. तिने एसटीडीवरून पोरीला फोन केला. पल्लवी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"आई सांगते, देठ सगळे तपकिरी झालेत. घड हातात घेतला की मणी गळतात. तिनेच गेल्या आठवड्यात भरल्या होत्या त्या पेट्या." मग ती म्हणाली, "काका, मी आणखी जोरात सांगायला हवं होतं का?"

मी तिला बस म्हणालो. ती बसली नाही.

चौकशी रीतसर झाली. समितीत सर होते, शीतगृहाचा मालक होता, आणि विमा कंपनीचा माणूस होता. धवलने पडद्यावर अहवाल लावला. चाचणी क्रमांक ३१३. वीज जाऊन आल्यानंतर तापमान वाढल्यास, अपेक्षा: फोन वाजू नये.

"आणि घटनेच्या दिवशी फोन वाजला?" सरांनी विचारलं.

"नाही," मालक म्हणाला.

"म्हणजे प्रोग्रॅम मंजूर अपेक्षेप्रमाणेच वागला."

विमा कंपनीच्या माणसाने दोनदा वाचलं आणि मान डोलावली. कागदात खोट नव्हती. मग जबाबदारी कोणाची, हा प्रश्न उरला. शोध घेता असं दिसलं की शीतगृहाची देखरेख करणारा भिमाजी घटनेच्या वेळी जागेवर गैरहजर होता. त्याला दोन महिन्यांपूर्वी काढल्याची नोंद वेगळ्या फायलीत असल्यामुळे ती या समितीपुढे आली नाही.

पल्लवीने परवानगी न मागता आत येऊन तिची मूळ चाचणी टेबलावर ठेवली. अपेक्षा: फोन वाजावा. खाली तारीख होती. सोबत बदललेला अहवाल होता आणि त्यावर माझी तिरकी सही.

"हे कोणी बदललं, ते विचारा," ती म्हणाली.

सर शांतपणे म्हणाले, "तुम्ही कंपनीच्या बाजूने आहात का?"

"मी चाचणी करते, सर."

"मी बाजू विचारली."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा बोललो असतो तर काय झालं असतं, याचा हिशेब मी पुष्कळदा केला आहे. नोंदवहीत मी लिहिलं, 'संबंधित कर्मचाऱ्याने विषयांतर केले.' त्या संध्याकाळी तिचा दोन ओळींचा राजीनामा आला. त्यात एकही चूक नव्हती. मी तो तपासला.

त्यानंतर आम्ही ते पद तीनदा जाहिरातीत दिलं, कारण धवल परदेशी गेला. तिन्ही वेळा फायलीवर मी लिहिलं, 'योग्य उमेदवार आढळला नाही.' सरांनी एका परिषदेत भाषणही केलं. कुशल टेस्ट ऑटोमेशन इंजिनिअर इतके दुर्मिळ का, असा विषय होता. दोष शिक्षणपद्धतीचा निघाला.

भिमाजीला कोणी शीतगृहवाल्याने पुन्हा ठेवलं नाही. तो आता एका बागेवर फवारणीचा ट्रॅक्टर चालवतो. मी एकदा वाटेत थांबून त्याला भेटलो. तो चांगलं बोलला. चहा मात्र त्याने विचारला नाही.

आणि एके दिवशी मला पुण्याहून फोन आला. एका मोठ्या कंपनीतल्या बाई बोलत होत्या.

"पल्लवी भोये तुमच्याकडे होत्या. आम्ही त्यांना घ्यायचं म्हणतोय. कशा आहेत?"

"हुशार आहे," मी म्हणालो. "प्रामाणिक आहे. तिने तपासलं म्हणजे तपासलं."

"पण?"

मी पण म्हणालो नव्हतो. त्यांनीच विचारलं.

"चुका दाखवते," मी म्हणालो.

"कोणाच्या?"

"सगळ्यांच्या."

"वरिष्ठांच्याही?"

खोटं बोलणं सोपं होतं. आयुष्यभर मी तेच केलं होतं. नेमकं त्या वेळी मी खरं बोललो. "हो. आधी त्यांच्याच."

"थँक यू," बाई म्हणाल्या. "आम्हाला सगळ्यांत मिसळून जाणारं माणूस हवं होतं."

पल्लवी आता पेठच्या बाजूला एका शाळेत गणित शिकवते, असं ऐकतो.

हे वाचून तुम्हाला आमच्या सरांचा, धवलचा, त्या पुण्याच्या बाईंचा राग आला असेल. माझाही आला असेल, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त एक आठवून बघा. तुमची चूक तुमच्या तोंडावर, चार लोकांत, अगदी बरोबर दाखवणारं माणूस तुमच्याही घरात किंवा कचेरीत कधीतरी होतं. त्यानंतर तुम्ही त्याच्याशी किती दिवस बोलला नव्हता?